राखून ठेवलेला घास

पत्र थोडक्यात असं आहे : लिहिणाऱ्या भगिनी ३९ वर्षांच्या आहेत, पुण्यातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आई रोज पहाटे पवित्र शास्त्र वाचायची. गेली दोन वर्षं या भगिनी मोबाइलवर रोज एक अध्याय वाचतात. सलग किती दिवस वाचन झालं याचा आकडा मोबाइल दाखवतो. नाइट ड्यूटीमुळे दोनदा खंड पडला, आकडा पुन्हा एकवर आला आणि तेव्हापासून मनात अपराधीपणा घर करून बसला आहे. त्यातच कुवेतमध्ये नोकरीची संधी आली आहे, तीन वर्षांचा करार. घराचं कर्ज आहे, मुलगा दहावीत आहे. सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, त्यांचं बहुतेक सगळं याच करतात. यजमान म्हणतात, "तू ठरव." नणंद म्हणते, "रूथचं पुस्तक वाच, म्हणजे कळेल." सासूला न सोडणाऱ्या सुनेची ती बायबलमधली गोष्ट. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत हातात आलेल्या वचनचिठ्ठीवर यिर्मया २९:११ होतं, भवितव्य आणि आशा देण्याचं वचन. उत्तर मिळावं म्हणून त्यांनी डोळे मिटून बायबल उघडून पाहिलं. एकदा वंशावळ निघाली, एकदा शाप. त्या विचारतात : "मी विश्वासू नाही म्हणून देव माझ्याशी बोलत नाही का? रोज वाचूनही रोजच्या आयुष्यासाठी काहीच हाती का लागत नाही?"

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका जागी थांबले. आकडा पुन्हा एकवर आला त्या दिवसाबद्दल तुम्ही जेमतेम चार ओळी लिहिल्या आहेत. रात्रभर आयसीयूत होतात. तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा पहाटे गेले. त्यांच्या मुलाला तुम्ही खुर्चीवर बसवलंत, पाणी दिलंत, त्याच्या भावाला फोन लावून दिलात. घरी आल्यावर सासूबाईंची कूस बदललीत, पाठीला पावडर लावलीत, मुलाचा डबा भरलात आणि आडव्या झालात. दुपारी उठून मोबाइल पाहिला तर साखळी तुटलेली. पुढे लिहिता, "त्या दिवशी मी देवाशी अविश्वासू ठरले."

त्या रात्रीला अविश्वासू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमचं बायबलही तसं म्हणत नाही.

जुन्या करारात विश्वासूपणासाठी जो हिब्रू शब्द येतो तो आहे 'एमूना'. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो 'आमेन' याच धातूतून आला. एमूनाचा मूळ अर्थ स्थिर असणं, न डळमळणं. हा शब्द आधी कुठे भेटतो पाहा. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात रफीदीमला अमालेकांशी लढाई चालली आहे. मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकांची. म्हातारा माणूस, हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याच्याखाली धोंडा ठेवतात, त्याला बसवतात, एक या बाजूनं आणि एक त्या बाजूनं असे दोघं त्याचे हात धरून राहतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले, असं तिथं लिहिलं आहे. त्या 'स्थिर'च्या जागी मुळात एमूना आहे.

म्हणजे विश्वासूपणा शब्दाचं हे पहिलं चित्र थकलेल्या हातांचं आहे. ते हात एकट्याच्या जोरावर वर राहिलेले नाहीत. मोशेचे हात डळमळले म्हणून देवानं त्याला बोल लावला नाही. शेजारी दोन माणसं होती आणि बूड टेकायला धोंडा होता. पुढचं सगळं मी या चित्राला धरूनच लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात मला अहरोन आणि हूर कुठे दिसले नाहीत.

आधी त्या डोळे मिटून बायबल उघडण्याविषयी. यात तुम्ही काही पाप केलंत असं मी म्हणणार नाही. अडचणीत माणूस हात पुढे करतो, तो कुठे लागतो हे त्या वेळी बघत नाही. मी स्वतः चोविसाव्या वर्षी हे केलं आहे. गावाबाहेर शिक्षिकेची नोकरी मिळत होती आणि घरी वडील आजारी होते. मी तीनदा बायबल उघडलं. पहिल्या दोन वेळी जे निघालं ते माझ्या प्रश्नाला लागू होईना. तिसऱ्यांदा मला हवं होतं तसं निघालं आणि मी तेच देवाचं उत्तर मानलं. निर्णय माझाच होता. त्याची जबाबदारी मात्र मी देवावर टाकली आणि पुढे बरीच वर्षं त्याच्यावर रुसून राहिले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सांगते.

पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग आहेत, नाही असं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठीनं झाली, प्रेषितांची कृत्ये, अध्याय पहिला. पण दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा आला आणि त्यानंतर नव्या करारात निर्णयासाठी कुणी चिठ्ठी टाकलेली दिसत नाही. पंधराव्या अध्यायात मंडळीपुढे फार मोठा पेच येतो : परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही. तेव्हा यरुशलेमेत सगळे एकत्र बसतात, वाद होतो, पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल आपले अनुभव सांगतात, लोक गप्प बसून ऐकतात, याकोब शास्त्रातला उतारा काढून दाखवतो आणि मग पत्र लिहिलं जातं. "पवित्र आत्म्याला व आम्हांला" योग्य वाटलं, असे शब्द त्या पत्रात आहेत. त्यातला 'आम्हांला' मला फार मोलाचा वाटतो. देवाचं मार्गदर्शन आलं ते माणसांनी एकमेकांचं ऐकून घेतलं तेव्हा.

तुमच्या घरात ही बैठक झालेली नाही. "तू ठरव" हे यजमानांचे शब्द वरवर मोकळीक दिल्यासारखे वाटतात, पण सगळा भार एकाच खांद्यावर टाकतात. त्याकडे पुढे येते.

आता ती वचनचिठ्ठी. यिर्मया २९:११ आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यांत जास्त वाटलं जाणारं वचन असावं. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या मुलांच्या शुभेच्छापत्रावर ते असतंच. सुंदर वचन आहे. पण चिठ्ठीवर एवढी एकच ओळ मावते आणि तिच्या आजूबाजूचा सगळा अध्याय बाहेर राहतो. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून पाठवलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना ते ऐकून बरं वाटलं असणार. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, हा आकडा आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा शेवट परक्या देशात होणार होता.

मग त्यांनी काय करायचं? यिर्मया अगदी घरगुती गोष्टी सांगतो. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हांला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. रोजच्या आयुष्यासाठी मार्गदर्शन तुम्ही मागता ना? ते तुमच्याच चिठ्ठीच्या वर पाच-सहा ओळींत बसलेलं आहे. 'कुवेतला जा' किंवा 'जाऊ नको' असं त्यात नाही. जिथं असाल तिथं मूळ धरा, आसपासच्या लोकांचं भलं पाहा आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणाऱ्यापासून सावध राहा, एवढं मात्र आहे. भरतीवाले जेव्हा तीन वर्षांत कर्ज फिटेल असं छातीठोक सांगतात, तेव्हा मला तो हनन्या आठवतो.

आता नणंदबाईंचं रूथ.

तुम्ही लिहिता की हे पुस्तक उघडलं की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं वाटतं. मला याचं फार वाईट वाटलं. बायबलमधली इतकी कोवळी गोष्ट एखाद्या सुनेच्या अंगावर काठीसारखी उगारली जावी, हे त्या पुस्तकावरही अन्याय करणारं आहे. चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं. वीस मिनिटांत वाचून होतं. मोबाइलवर रोज एक अध्याय असं तोडून न वाचता एकदा सलग, मोठ्यानं वाचा. मी तुमच्यासाठी काल पुन्हा तसंच वाचलं.

पहिली गोष्ट जाणवते ती अशी की रूथला राहायला कुणीच सांगितलेलं नाही. नवरे गेल्यावर सासू नामी आपल्या गावी परत निघते, तेव्हा ती रूथला माहेरी परत जा म्हणून पुन्हा पुन्हा सांगते, आशीर्वाद देऊन सांगते. दुसरी सून अर्पा सासूचा मुका घेते, रडते आणि माहेरी जाते. तिच्याविषयी एकही वाईट शब्द त्या पुस्तकात नाही. "तुम्ही जाल तिथं मी येईन" हे रूथ म्हणते ते पूर्ण मोकळी असताना. लग्नात आपण ते शब्द नवऱ्याला उद्देशून वाचतो, पण मुळात ते एका विधवा सुनेनं रस्त्यात उभं राहून विधवा सासूला म्हटलेले आहेत, सासू नको म्हणत असताना. दुसऱ्यानं मागून घेतला तर तो विश्वासूपणा राहत नाही, वसुली होते. रूथचं पुस्तक तुमच्यापुढे धरायचा अधिकार नणंदेला नाही, मला नाही, तुमच्या पाळकसाहेबांनाही नाही. ते तुम्ही स्वतः उचललंत तरच तुमचं.

दुसरी गोष्ट. या पुस्तकात देव कुणाशीही बोलत नाही. स्वप्न नाही, देवदूत नाही, आकाशवाणी नाही. लोक एकमेकांना देवाच्या नावानं आशीर्वाद देतात, पण देवाचा आवाज कुठे ऐकू येत नाही. रूथ सकाळी उठते आणि म्हणते, मी शेतात जाऊन सरवा वेचते. कुणाच्या शेतात जायचं हेही तिला माहीत नाही. तिला मिळालं ते नामीच्या नात्यातल्या बवाजाचं शेत, आणि लिहिणारा ते योगायोगानं घडल्यासारखं सांगून मोकळा होतो. देव बोलत नाही म्हणजे मी अविश्वासू, अशी तुमची समजूत झाली आहे. मग रूथला काय म्हणाल?

तिसरी गोष्ट वाचताना पूर्वी माझ्या नजरेतून निसटायची. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात दुपारी कापणाऱ्यांबरोबर जेवायला बसल्यावर बवाज तिला भाजलेलं धान्य देतो, आपल्याकडच्या हुरड्यासारखं. ती पोटभर खाते आणि थोडं उरतं. मग संध्याकाळपर्यंत वेचते, झोडपते, आणि एफाभर जव होतं, म्हणजे सुमारे वीस-बावीस लिटर. ते डोक्यावर की खांद्यावर घेऊन घरी येते. अठराव्या वचनात, सासूला ते जव दाखवून झाल्यावर, ती दुपारचं राखून ठेवलेलं काढते आणि नामीच्या हातावर ठेवते. दिवसभर उन्हात राबताना तिनं ते कुठेतरी जपून ठेवलं होतं. एवढं मोठं जवाचं ओझं आणलेलं असताना त्या मूठभर धान्याचा उल्लेख करायची लिहिणाऱ्याला गरज नव्हती. त्यानं केला. विश्वासूपणा कसा दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी तो राखून ठेवलेला घास दाखवीन.

आणि तो घास एकाच बाजूनं गेलेला नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच नामी म्हणते, मुली, तुझं बरं व्हावं म्हणून मी तुझ्यासाठी ठिकाण पाहायला नको का? सासूही सुनेचा संसार उभा राहावा म्हणून झटते. बवाज शेतातल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसं टाकत जा आणि तिला धमकावू नका. शेताचे कोपरे आणि पडलेली कणसं गरिबासाठी व परक्यासाठी सोडायची, हा तर नियमशास्त्रातलाच नियम, लेवीय १९. एका सुनेच्या निष्ठेमागे सासूची काळजी, शेतमालकाचं औदार्य आणि अख्ख्या समाजाचा कायदा उभा आहे. नणंदबाईंना रूथ वाचून दाखवायचंच असेल, तर बवाजाची बाजू कुणी घ्यायची हेही त्यांना प्रेमानं विचारा. आईकडे आठवड्यातले दोन दिवस त्या येऊ शकतील का?

कुवेतचा निर्णय मी तुमच्या वतीनं घेणार नाही. पण दोन्ही बाजूंना शास्त्र काय ठेवतं ते मांडते, कारण एकच वचन हातात धरलं की पारडं लगेच कलतं.

एका बाजूला मार्काच्या सातव्या अध्यायातलं प्रभू येशूचं कडक बोलणं आहे. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो खडसावतो. देवाचं नाव पुढे करून म्हाताऱ्या माणसांना उघड्यावर टाकता येत नाही. कर्ज, मुलाचं शिक्षण अशी नावं पुढे करूनही नाही. दुसऱ्या बाजूला योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तोच येशू वधस्तंभावरून आईला शिष्याकडे सोपवतो. बाई, हा तुझा मुलगा. ही तुझी आई. आणि त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. आईची काळजी स्वतःच्या हातांनी करता येईना, तेव्हा त्यानं ती एका नेमक्या माणसाकडे दिली, दोघांना समोरासमोर सांगून. सोपवणं आणि टाकून देणं यांत एवढाच फरक आहे : सोपवताना समोर एक माणूस उभा असतो आणि तो 'हो' म्हणतो.

म्हणून तुमचा खरा प्रश्न 'जाऊ की नको' याच्या आधीचा आहे. तुम्ही गेलात तर सासूबाईंचा तो शिष्य कोण? पत्रात मुंबईच्या दिरांचा एका ओळीत उल्लेख आहे, "ते पैसे पाठवतात." यजमान, दीर, नणंद आणि तुम्ही, चौघं एका खोलीत बसा. जमत नसेल तर फोनवर, पण चौघं एकाच वेळी. सासूबाईंनाही मध्ये बसवा. त्यांची वाचा अडखळते, पण समज शाबूत आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. त्यांना काय हवं हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. कागदावर लिहा : दिवसाची आणि रात्रीची बाई ठेवली तर महिन्याला किती, फिजिओथेरपीला किती, कर्जाचा हप्ता किती, कुवेतहून हातात येणार किती. रात्री दोन वाजता कोण उठणार तेही नाव घालून लिहा. करार ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला आहे का, भरती करणारी संस्था सरकारमान्य आहे का, मध्येच परत यायचं झालं तर काय, हे तपासा. मुलाची दहावी मार्चमध्ये आहे. रुजू व्हायची तारीख एप्रिलनंतरची मागता येईल का, ते विचारून पाहायला काय हरकत आहे?

या बैठकीत सगळे गप्प बसले आणि पुन्हा "तू ठरव" एवढंच मिळालं, तर मला वाटतं तुम्ही या वेळी थांबावं. सासूबाईंना सोपवायला माणूस नाही म्हणून. रूथशी तुलना होईल या भीतीनं मात्र थांबू नका. आणि खरोखरच कुणी पुढे आलं, दिवस ठरले, पैसे ठरले, तर जा. जाताना कुठलाही शाप पाठीवर घेऊन जाऊ नका. अर्पालाही कुणी दिला नव्हता.

आता वाचनाकडे वळते, कारण हे पत्र वाचणाऱ्या अनेकींचा, अनेकांचाही, प्रश्न तोच असतो. रोज वाचतो पण हाती काही लागत नाही.

मोबाइलमधला तो सलग दिवसांचा आकडा बंद करता येत असेल तर आजच बंद करा. नसेल तर छापील प्रत घ्या. आईची जुनी प्रत माहेरी असेल ती मागून घ्या. आपल्याकडे वर्षभरात अख्खं शास्त्र वाचून काढण्याचं वेळापत्रक फार प्रिय आहे. सहासष्ट पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर करावं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्सनं, एसटीच्या कंडक्टरनं, तान्ह्या बाळाच्या आईनं त्यावरून स्वतःला मोजू नये. तुम्ही एका वेळी एकच पुस्तक हाती घ्या आणि त्यात महिनाभर राहा. रूथनंतर मार्क घ्या, सोळा अध्याय, भराभर चालणारी गोष्ट आहे. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय महिन्याच्या तारखांशी जुळतात. एखादी तारीख चुकली तर तो अध्याय पुढच्या महिन्यात पुन्हा येतोच, मागचं भरून काढायला बसू नका.

नाइट ड्यूटीच्या आठवड्यात स्तोत्रंच वाचा आणि तीही एकच, पाच दिवस तेच. पहिल्या दिवशी ते नुसते शब्द असतात. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन भरताना त्यातली एखादी ओळ आपोआप ओठांवर येते. आमच्या घरी वडील हेच करायचे. सकाळी एक वचन आईला वाचून दाखवायचे आणि रात्री जेवताना विचारायचे, आज ते कुठे आठवलं? आई कधी म्हणायची, विहिरीवर. कधी म्हणायची, आज नाही आठवलं. त्यावर वडील कधी काही बोलले नाहीत.

वाचताना 'यात माझ्यासाठी काय आदेश आहे' हे शोधायची घाई करू नका. आधी पाहा की गोष्टीत कोण काय करतंय. हातांकडे पाहा. रूथचे हात वेचतात, मोशेचे थकतात, दानीएलाचे खिडकी उघडतात. दानीएल राजाचा अधिकारी. त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधायचा आटापिटा केला आणि काही सापडलं नाही, असं आहे. सिंहांच्या गुहेची गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच्या आधीची ती हिशेबाची स्वच्छता कुणी सांगत नाही. तुम्ही औषध दिल्याची वेळ तक्त्यावर खरी लिहिता, उशीर झाला तर उशिराचीच लिहिता, हे पत्रात ओघात येऊन गेलं आहे. दानीएलाच्या शेजारी मी ते नक्की ठेवीन.

आणि काहीच वाटत नाही, वाचून मन कोरडंच राहतं, तेव्हा विलापगीत उघडा. "तुझी सत्यता थोर आहे" हे वचन आपण आनंदाच्या गीतात गातो, पण ते ज्या पुस्तकाच्या मध्यावर आहे ते जळालेल्या यरुशलेमेवरचं रडणं आहे. त्याचा तिसरा अध्याय सहासष्ट वचनांचा. हिब्रूची बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराला तीन ओळी. शोक आवरत नव्हता म्हणून त्या माणसानं तो अक्षरांच्या क्रमानं लावला, एकेक करून. मन ठिकाणावर नसताना हातात असलेलं काम क्रमानं करत राहणं त्याला जमलं. रोज सकाळी नवी होणारी दया त्याला अशा कामाच्या मधोमध आठवली.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हेच केलं, असं मला नेहमी वाटतं. दुष्काळातल्या मुलींचं एवढं मोठं घर चालवत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं चालू ठेवलं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी ते थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते पुरं झालं. कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. जुनं भाषांतर जड जात असेल तर मनात कुठलीही शंका न आणता सोपं घ्या. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' कॅथलिक घरांत आहेच, ते आपल्यासारख्यांनीही घ्यावं. त्यातल्या टिपा मला अनेकदा उपयोगी पडल्या आहेत.

खंड पडेल तेव्हा पेत्राची आठवण ठेवा. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्यानं येशूला तीनदा नाकारलं, मी त्याला ओळखत नाही म्हणाला. पुढे योहानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. प्रभू आधी सगळ्यांना न्याहारी देतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा काम देतो, माझी मेंढरं चार. मागचा हिशेब तिथं निघत नाही. मोबाइलचा आकडा एकवर आला तेव्हा तुम्हांला अशी न्याहारी मिळायला हवी होती.

येत्या रविवारी उपासनेहून आलात की आधी दिरांना फोन करा, बैठकीचा दिवस ठरवा. दुपारी सासूबाईंच्या खाटेपाशी बसून रूथचे चारही अध्याय त्यांना वाचून दाखवा. दुसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनापाशी थोडं थांबा. त्या काही बोलल्या तर मला कळवा.